ओली ताटं

पौषातल्या त्या सोमवारी सकाळची शेवटची पंगत उठली, तेव्हा अण्णांनी पिंप पुन्हा एकदा आडवं पाडलं होतं आणि ते स्वतः त्यात डोकं घालून बसले होते. खांद्यापासून वरचे अण्णा दिसतच नव्हते. दिसत होता नुसता पंचा आणि दोन काटकुळ्या पोटऱ्या, आणि पत्र्यातून घुमत आवाज येत होता.

"कोके, कंदील आण गो."

"अण्णा, साडेदहा वाजलेत. लख्ख ऊन पडलंय."

"भायेर पडलंय. आत न्हाय."

कोकिळेनं पदर खोचला, कंदील लावला आणि पिंपाच्या तोंडाशी धरला. अकराला तिला कन्याशाळेत शिकवायला हजर व्हायचं होतं. पण अण्णा एकदा पिंपात शिरले की घरातल्या माणसांनी आपापली घड्याळं बाजूला ठेवायची, असा दिवाळीपासूनचा रिवाज पडला होता.

अण्णा, म्हणजे तिचे वडील बाळाजी, यांनी बावीस वर्षं बोटीवर भंडारीपणा, म्हणजे स्वयंपाक, केला होता. लढाई संपली तसे ते जमिनीवर आले आणि श्रीवर्धनला कचेरीमागच्या सुपारीच्या वाडीत त्यांनी खाणावळ घातली. कोर्टात तारखेला आलेली माणसं, कचेरीतले कारकून, बिऱ्हाड न केलेले मास्तर, रोठा सुपारी घ्यायला आलेले व्यापारी असे सगळे तिथं जेवत. कचेरी अकराला उघडायची म्हणून साडेआठ ते दहात तीन पंगती उरकाव्या लागत. चाळीस ताटं, ऐंशी वाट्या, वर तांबे-भांडी. ती सगळी कोकिळेची आई सोनाबाई आणि कामाला येणारी ठमी विहिरीकाठी बसून राखेनं घासत. सहा वर्षं राखेत आणि पाण्यात राहून आईच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या. त्या पावसाळ्यात चिघळत आणि हिवाळ्यात उलत. भाकरी थापताना ती ओठ दाताखाली धरी. अण्णांनी ते एकदा पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं.

दिवाळीनंतर बोटीवरचा त्यांचा जुना सोबती येसाजी याचं मुंबईहून पत्र आलं. कुठल्याशा साहेबलोकांच्या क्लबातलं सामान मोडीत निघालं आहे, त्यात ताटल्या धुण्याचं यंत्र आहे, विजेचं नव्हे, हातानं फिरवायचं. अण्णांनी ते पत्र कोकिळेकडून दोनदा वाचून घेतलं आणि आठव्या दिवशी आगबोटीतून पडावात आणि पडावातून चौघांच्या खांद्यावर ते यंत्र वाडीत आलं. पत्र्याचं गोल पिंप, आत तारेची टोपली, तळाशी पितळी पातं, बाजूला हँडल. ताटं टोपलीत उभी लावायची, कढत पाणी ओतायचं, झाकण घालून हँडल फिरवायचं. पातं पाणी उडवतं, खरकटं निघतं. ते पाणी तोटीतून सोडायचं, दुसरं स्वच्छ आणि आणखी कढत पाणी घालायचं, पुन्हा फिरवायचं, सोडायचं, झाकण काढायचं.

"आन मग?" आईनं विचारलं होतं.

"मग काय न्हाय. मग ताटं आपली आपण सुकतात. फडकं न्हाय, पुसणं न्हाय. बोटीवर वाफेचं मोठं यंत्र हुतं, त्यातनं ताटली अशी भायेर यायची, कोरडी खडखडीत, हात लावला तर चटका."

आणि पहिल्याच दिवसापासून ताटं धुऊन निघत ती आरशासारखी स्वच्छ, पण ओलीचिंब. पालथी घालून ठेवली तरी अर्ध्या तासानं कडेनं पाणी गळे. दुसऱ्या पंगतीला ताट मांडलं की भाताखाली पाणी. फडक्यानं पुसावं तर समुद्राच्या हवेत फडकी सुकत नसत, आंबूस वास मारत. मग ज्याच्यासाठी यंत्र आणलं तेच काम दुसऱ्या दारानं आत येई.

दयाराम नावाचा सुपारीचा व्यापारी दर मोसमात महिना महिना इथंच जेवायचा. त्याला तर रोजची करमणूकच झाली.

"बालाजीभाई," ताट तिरकं करून तो म्हणे, "तुमचा मशीन थाळीला नावण घालते ते सारू छे. पण टुवाल कोन देणार?"

पंगत हसे. अण्णाही हसत. पण हसून झाल्यावर ते पिंपाकडे जात आणि तोटी, झाकण, हँडल, टोपलीच्या तारा एकेक चाचपून बघत. पाणी पुरेसं कढत नसेल म्हणून त्यांनी बंबाचं तोंड मोठं करून घेतलं. टोपलीत ताटं दाटीनं बसतात म्हणून दोन खेपा केल्या. तोटी चोंदत असेल म्हणून ती काढून चिंचेनं घासली. ताटांची कल्हई खडबडीत झाली असेल म्हणून सगळ्या ताटांना नवी कल्हई लावून घेतली. आणि दर वेळी, काय बदललं ते एका ओळीत लिहून ठेव, असं ते कोकिळेला सांगत. बोटीवर असंच करतात म्हणे.

आता ते पिंपातून बाहेर आले. कपाळाला काजळी लागली होती.

"सापडलं."

"काय?"

"पातं. एका अंगानं झिजलंय. पानी वरच्या ताटापत्तूर पोचत न्हाय, म्हणून ती तापत न्हाईत. येसाजीच्या वळखीचा एक वतारी हाय माझगावात, पितळ वततो. उद्याच्या बोटीनं जातो, नवं करून आणतो."

कोकिळेनं कंदील फुंकला. वात विझल्यावरही ती फुंकरच मारत राहिली असती; पण अण्णा बघत होते.

"ती वही आण," ते म्हणाले. "सुकवायचं पान परत वाच."

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती, पाण्यानं फुगलेली, मागची पानं गेलेली. कोकिळेनं तिचं मराठी करून शाळेच्या कोऱ्या वहीत सुवाच्य अक्षरांत उतरून दिलं होतं. तिला वाचनाचा सोस. गावच्या वाचनालयातली तिन्ही कपाटं तिनं संपवली होती. एकोणतीस वर्षांची मुलगी लग्नाचं बघायची सोडून पुस्तकं बघते, असं ठमी तोंडावर म्हणे. पण कोकिळेनं वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत अण्णांना कौतुक होतं ते याच बारा पानांचं.

तिनं वाचलं. "दुसरे पाणी पहिल्याहून अधिक कढत असावे. भांडी पुसू नयेत. भांड्यांनी धरलेल्या उष्णतेनेच ती थोड्या वेळात आपोआप कोरडी होतात."

अण्णा जमिनीकडे बघत ऐकत होते. पुराण ऐकावं तसं.

"धरलेल्या उष्णतेनं," ते म्हणाले. "बरोबर हाय. मी टोपली काढतो तवा चटका बसतो बोटाला. म्हंजे ताट धग धरतंय. आन तू मांडणीवर पालथी घालतीस तवा गार. मधी चार पावलं बी न्हाईत." त्यांनी मान वर केली. "मग ती धग जाते कुठं, कोके?"

कोकिळेला ते ठाऊक होतं. तीन आठवडे ठाऊक होतं.

यंत्र आलं त्याच दिवशी आई तिला माजघरात घेऊन गेली होती. "त्यांना काय, बोटीवर कुणाचं बी उष्टं कुणाच्या बी पोटात. पर हितं चाळीस मानसांचं खरकटं एकाच पान्यात घुसळायचं आन तसंच ताट चुलीपाशी न्यायचं? न्हाय जमायचं. कारकून जेवायचे थांबतील. माजा बी हात धजनार न्हाय. ते पिंपातनं काढतील तवा तू टोपली दोनीत बुडवून विसळून घे. ताज्या पान्यानं. आन त्यांच्या कानावर घालू नको. एवढ्या हौसंनं आनलंय."

तसं बघितलं तर आई काही वेगळं सांगत नव्हती. घासलेलं भांडं शेवटी ताज्या पाण्यानं विसळल्याशिवाय कुणाच्या घरात आत जातं? कोकिळेलाही त्यात वावगं वाटलं नाही. पिंपापासून चार पावलांवर विहीर, विहिरीवर रहाट, रहाटाचं पाणी पडायची दगडी दोण. अण्णा टोपली कट्ट्यावर ठेवत आणि पुढची पंगत वाढायला पळत. ती टोपली उचलून दोणीत बुडवी, वर काढी, ताटं मांडणीवर पालथी घाली. पाच-सहा पळांचं काम. अण्णा परत येत तेव्हा ताटं ओली असत, आणि ओल्याला ओलं म्हणण्यापलीकडे त्यात दिसण्यासारखं काही नसे. पुस्तिका लिहिणाऱ्याला तरी कुठं सुचलं होतं, की इतक्या कढत पाण्यातून काढलेली भांडी कोणी लगेच गार पाण्यात घालील? त्यानं तसं करू नका म्हणून लिहिलंच नव्हतं.

मग मार्गशीर्षात एक दिवस रहाटाची माळ तुटली आणि दोण कोरडी पडली. कोकिळा टोपली कट्ट्यावरच ठेवून शेजारच्या विहिरीवर कळशी घेऊन गेली. परत आली तर ताटं सुकली होती. सगळी. तिनं एकाला तळवा लावला. आंघोळ घालून उन्हात बसवलेल्या मुलाच्या पाठीसारखं ते ऊबदार आणि कोरडं होतं. वहीतलं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवलं, आणि ते आपणच लिहिलं असून आज पहिल्यांदा वाचतो आहोत असं वाटलं.

त्याच वेळी आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. "इसळलंस का?"

आदल्याच संध्याकाळी दोघांचं वाजलं होतं. आई म्हणाली होती, ह्या पिंपानं घराची चेष्टा चालवलीय. अण्णा म्हणाले होते, तुझ्या हातांसाठी आणलं, तुला नको असेल तर समुद्रात टाकून येतो. मग दोघंही जेवले नव्हते. कोकिळेनं मनाशी म्हटलं, आत्ता नको. रविवारी सांगू, दोघं शांत असताना. आणि तिनं कळशीतलं गार पाणी त्या कोरड्या ताटांवर ओतलं.

रविवार आला, गेला. दुसरा आला. तोवर अण्णांनी कल्हई लावून घेतली होती, आणि मग तर सांगणं आणखीच अवघड झालं.

"कोके? धग जाते कुठं म्हणतो मी."

"बघू या," ती म्हणाली. "शाळेला उशीर होतोय, अण्णा."

"जा, जा. पोरी खोळंबल्या असतील." त्यांनी वही तिच्या हातून घेतली आणि पंचाला हात पुसून मगच मिटली. "वाचतीस झ्याक. थेट बोटीवरच्या साहेबासारखी वाचतीस."

संध्याकाळी त्यांनी माशाचं कालवण स्वतः केलं. आईला म्हणाले, "मुंबईसनं काय आनू?" आई म्हणाली, "सवताला आना, म्हंजे झालं." असा तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा धोतरावर कोट चढवून, पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं पितळी पातं घेऊन बंदरावर गेले. पडावात बसताना त्यांनी धोतर वर धरलं होतं आणि पडाववाल्याला काहीतरी सांगून हसवलं होतं. एवढं कोकिळेनं वाळूवरून पाहिलं.

शुक्रवारी तार आली.

माझगावात येसाजीच्या चाळीचा जिना चढताना छातीत कळ आली आणि अण्णा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले ते उठलेच नाहीत. मुंबईतल्या पुतण्यानं अग्नी दिला. पुढचे दिवस कोकिळा माणसांना पाणी देत राहिली, आलेल्यांची नावं लक्षात ठेवत राहिली, रडणाऱ्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. ती स्वतः रडत नाही म्हणून ठमीनं दोन-तीनदा तिच्याकडे टक लावून बघितलं. शाळेतल्या बाईंनी समाचाराला येताना तिच्यासाठी वाचनालयातलं एक पुस्तक आणलं. तिनं ते उघडलं, आणि कुठल्याही पानावर वहीतली तीच एक ओळ दिसायला लागली तशी मिटून फळीवर ठेवलं.

भेटायला येणारी माणसं जाताना पडवीतल्या पिंपाकडे बघून जात. कुणी वाईट बोलत नव्हतं. "भोळा माणूस," एवढंच म्हणत. "मोडकं यंत्र गळ्यात मारलं कुणी, त्याच्यापायी गेला." बावीस वर्षं दोनशे माणसांचा भटारखाना सांभाळलेला माणूस तेरा दिवसांत भोळा झाला होता.

चौदाव्या दिवशी येसाजीकाका आले. अण्णांच्याच वयाचे, उंच, वाकलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक पत्र्याची गोल डबी, मलमाची. आणि नवं कोरं पितळी पातं.

"डबी वैनीला," ते कोकिळेला म्हणाले. पडवीत तेव्हा दोघंच होती. "बंदरावर उतरल्या उतरल्या पैलं औषधवाल्याकडं घेऊन गेला मला. पातं दुसऱ्या दिशी मिळालं. ते घेऊनच येत हुता."

कोकिळेनं पातं हातात घेतलं. जड होतं.

"काका, जुनं पातं झिजलं होतं?"

येसाजीकाकांनी तिच्या खांद्यावरून वाडीकडे बघितलं. "वतारी म्हणाला, न्हाय. म्हणाला, शेट, ह्याला काय बी झालं न्हाय, उगा करून घेता. बाळाजीनं ऐकलं न्हाय. म्हणाला, माझी पोरगी सगळं वाचून बघितीय, दुसरं काय बी राहिलेलं न्हाय."

थोड्या वेळानं आई बाहेर आली. तिनं डबी घेतली, न उघडता कनवटीला लावली आणि पिंपाकडे न बघता म्हणाली, "भावजी, एवढं घिऊन जा ह्ये. मोडीत घाला न्हायतर खाडीत टाका. माजा मानूस खाल्ला ह्यानं. माज्या डोळ्यांम्होरं नको."

"नेतो, वैनी. पर त्यानं आनलेलं पातं एकदा बसवून बघू द्या. पैली पंगत झाली की एकदाच फिरवतो. मग उद्याच्या बोटीनं नेतो."

दुसऱ्या दिवशी खाणावळ उघडली. सुतकानंतरची पहिली पंगत. माणसं नेहमीच्या निम्मी होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आईनं भात वाढला. अण्णांच्या हातची आमटी नव्हती. ठमीची होती, आणि ती तिखट झाल्याचं कुणी म्हटलं नाही. दयाराम आला होता. त्यानं जेवून ताट उचललं, इतर दिवशी उचलत नसे, आणि ते स्वतः पडवीत आणून दिलं.

"भाबडा माणस होता," तो येसाजीकाकांना म्हणाला. "मी लई मस्करी केली हां. आज वाटते, नको केली असती."

येसाजीकाकांनी नवं पातं बसवलं आणि ताटं टोपलीत उभी लावली. बंबातलं पाणी ओतलं, हँडल फिरवलं. पिंपाच्या पोटात तोच आवाज घुमला, दिवाळीपासून रोज सकाळी घुमायचा तो. आई दारात येऊन उभी राहिली. पदर तोंडावर धरला होता. पहिलं पाणी सोडलं. दुसरं, उकळी फुटलेलं, घातलं. पुन्हा हँडल. मग झाकण निघालं, आणि पांढऱ्या वाफेतून येसाजीकाकांनी टोपली उचलून कट्ट्यावर ठेवली. अण्णा ठेवत तिथंच. कोकिळेच्या पुढ्यात.

तिच्या हातांनी टोपली उचलली. हातांना सवय होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. चार पावलं. फडक्यातूनही बोटांना चटका बसत होता. दोण काठोकाठ भरलेली होती, वर सुपारीचं एक वाळकं पान तरंगत होतं.

"इसळ गो," आई दारातून म्हणाली. सवयीनंच.

बुडवली तर सगळं संपत होतं. ताटं ओली निघतील, नवं पातंही कामाचं नाही असं ठरेल, पिंप खाडीत जाईल. अण्णा भोळे राहतील, आई यंत्राला शिव्या घालील आणि त्या शिव्यांत तिला थोडं बरं वाटेल. आपल्या एका सांगण्यापायी हे झालं, असं तिला कधी कळणार नाही. कोकिळेला फक्त हात खाली करायचे होते. रोज केले तसे.

तिनं टोपली दोणीच्या काठावर ठेवली. पाण्याबाहेर.

"काय गो?" ठमी म्हणाली. "हात भाजला?"

कोकिळा खाली वाकली. ताटांवरचे थेंब बघत राहिली. आधी ते एकमेकांत मिसळून ओघळले, मग राहिलेले आकसायला लागले. कडेचे गेले. मधले गेले. वाफेचा शेवटचा पदर वाऱ्यानं नेला आणि नवी कल्हई उघडी पडली, कोरडी, लखलखीत.

येसाजीकाकांनी पुढं होऊन एक ताट काढलं, आडवं धरलं, उलटं केलं. काही गळलं नाही. त्यांनी ते दयारामपुढं धरलं. दयारामनं बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

"कोरडी," तो म्हणाला. आणि पुन्हा, "अरे, कोरडी छे!"

आई उंबऱ्यावरून उतरली. ताट तिनं दोन्ही हातांत घेतलं. भेगाळलेल्या बोटांना ते ऊन लागलं असणार, पण तिनं सोडलं नाही. छातीशी धरलं.

"म्हंजे पातंच खराब हुतं," ती म्हणाली. तिचा आवाज चौदा दिवसांत पहिल्यांदा मऊ झाला होता. "त्यांना बरोबर कळलं हुतं. त्यांनी आनलेलंच पातं लागलं."

येसाजीकाका हँडलशी काहीतरी चाचपत राहिले. मान त्यांनी वर केली नाही.

"बालाजीभाई हुशार माणस," दयाराम म्हणाला. "मी समद्या बाजारात सांगते."

कोकिळेनं डोळे मिटले. सगळं आपोआप जागच्या जागी बसत होतं. पातं खराब होतं. ते आणायला जाणं भाग होतं. जाणाऱ्याची वेळ भरली होती. अण्णा शहाणे ठरले, आईवरचं ओझं उतरलं, पिंप घरात राहिलं. कुणाचंही काही बिघडत नव्हतं. तिनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तिला येत होतं.

आईनं जवळ येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. साडीतूनही त्या हाताचा खरखरीतपणा जाणवला.

"तू वाचून दावलंस म्हणून त्यांना उमगलं गो," आई म्हणाली. "समद्यांना सांगायचे, माजी कोकी वाचती तवा माजी अडचन ऱ्हात न्हाय. तुज्यावर लई भरवसा त्यांचा."

तो हात पाठीवर होता तेवढा वेळ कोकिळा उभी राहिली. मग ती बाजूला झाली. आईच्या हातातलं ऊन ताट तिनं हलकेच काढून घेतलं, टोपलीतलंही एक घेतलं, आणि दोन्ही दोणीत बुडवली. वर काढून मांडणीवर पालथी घातली. ताटांच्या कडेनं पाणी गळायला लागलं. टप, टप, दिवाळीपासून गळत होतं तसं.

चौघंही बघत होती. आईच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग तिची नजर ओल्या ताटांवरून टोपलीतल्या कोरड्या ताटांकडे गेली, आणि परत आली.

"पातं चांगलं होतं," कोकिळा म्हणाली. "जुनंही चांगलं होतं. अण्णांचं यंत्र पहिल्या दिवसापासून चांगलं होतं, त्यात काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं. रोज पिंपातून निघालेली ऊन ताटं मी गार पाण्यात घालत होते. मी."

"कोके," आई म्हणाली. "मीच तर तुला..."

"तुला ठाऊक नव्हतं, आई. मला होतं. रहाट मोडला त्या दिवशी कळलं मला. ताटं आपोआप सुकलेली मी बघितली, आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. तीन आठवडे मी ओततच राहिले. त्यांनी कल्हई लावून घेतली तेव्हाही. पिशवी भरली तेव्हाही."

तिचा आवाज वर्गात धडा वाचून दाखवताना लागे तसाच सरळ होता. फक्त ती कुणाकडेच बघत नव्हती. बघत होती आडव्या पाडलेल्या पिंपाच्या जागेकडे, जिथं त्या सोमवारी नुसता पंचा आणि दोन पोटऱ्या दिसत होत्या.

"त्यांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली. "ताटानं धरलेली धग जाते कुठं, म्हणून विचारलं होतं."

दोणीतलं वाळकं पान काठाला येऊन लागलं.

"दोणीत जात होती, अण्णा," कोकिळा म्हणाली. "मीच बुडवत होते."